'चोरलेली चुंबनं' : शेवटी बाकापाशी येणारा तो माणूस खरंच वेडा आहे का?

चांदणवेल
मंडळी, शनिवारी रात्री फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोचा 'बेझे व्होले' पाहिला, म्हणजे 'चोरलेली चुंबनं'. सिनेमा १९६८ चा, पण माझी ही पहिलीच वेळ. दोन दिवस झाले, शेवट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा काढला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अंत्वान द्वानेल (ज्याँ-प्येर लेओ) हा विशीतला पोरगा. लष्करातून नालायक म्हणून हाकलला जातो आणि पॅरिसमध्ये मिळेल ती नोकरी धरतो. आधी हॉटेलात रात्रपाळीचा कारकून, मग खाजगी गुप्तहेर, मग गुप्तहेर म्हणूनच एका बुटांच्या दुकानात नोकर, शेवटी टीव्ही दुरुस्त करणारा. एकाही कामात धड नाही. क्रिस्तीन (क्लोद जाद) नावाच्या मुलीवर त्याचं प्रेम आहे, पण मधेच तो बूटवाल्याच्या बायकोवर, फाब्येन ताबारवर, असा काही भाळतो की विचारू नका. शेवटी क्रिस्तीनच पुढाकार घेते आणि दोघांचं जमतं.

आणि मग ते बाकाचं दृश्य. दोघं बागेत बसलेत. सिनेमाभर एक कोट घातलेला माणूस क्रिस्तीनच्या मागे मागे फिरताना दिसत असतो, तो समोर येऊन उभा राहतो. अंत्वान शेजारी असताना तिला म्हणतो, की मी आजवर कुणावर प्रेम केलेलं नाही, मला तात्पुरत्या गोष्टींचा तिटकारा आहे, सगळी माणसं एकमेकांना दगा देतात, पण आपलं तसं होणार नाही, आपण एक तासही वेगळे राहणार नाही. तुम्हाला तुमची तात्पुरती नाती तोडायला वेळ लागेल. मी मात्र कायमचा आहे. एवढं बोलून निघून जातो. क्रिस्तीन म्हणते, वेडा आहे हा. अंत्वान म्हणतो, हो, असणार. संपला सिनेमा.

माझा प्रश्न : हा माणूस जे बोलला ते प्रत्येक प्रेमगीतात असतं. मग तो वेडा का? आणि त्याच्यापुढे अंत्वान, जो महिन्याभरात दोन बायकांच्या प्रेमात पडतो, तो शहाणा कसा? नवऱ्याचं म्हणणं, "दोघंही वेडे, आणि मुलगी त्याहून." मला ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

रस्सावाटी
पाहिलाय. तो माणूस वेडाच आहे. जो "एक तासही वेगळे राहणार नाही" म्हणतो त्याच्याशी लग्न केलं तर दळण आणायला कोण जाणार?

जुना_डेक्कन
चांदणवेलताई, फार वर्षांनी कुणीतरी या सिनेमाचा विषय काढला. आभार.

मी हा पहिल्यांदा फिल्म सोसायटीच्या शोला पाहिला, सोळा मिलिमीटरची प्रिंट, लाकडी खुर्च्या, रीळ बदलताना दिवे लागायचे. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि अंत्वानइतकाच बिनकामाचा. नंतर चाळिशीत पाहिला, मग गेल्या वर्षी पाहिला. दर वेळी हसू वेगळ्या ठिकाणी आलं. बाविसाव्या वर्षी मी अंत्वानच्या फजित्यांवर हसलो. चाळिशीत बूटवाल्या ताबारवर हसलो आणि मग गप्प झालो. आठवतंय ना तो प्रसंग? चांगला खातापिता दुकानदार, पैसे मोजून गुप्तहेर लावतो, कशासाठी, तर माझ्यावर कुणी प्रेम का करत नाही ते शोधून काढा. मिशेल लाँसदालनं ते इतक्या सरळ चेहऱ्यानं केलंय! दुकानात माणूस घुसवायचा म्हणून उमेदवारांची खोकं बांधायची परीक्षा घेतात. बाकीच्यांची पुडकी नेटकी, अंत्वानचा नुसता बोळा. आणि निवड त्याचीच, कारण ते आधीच ठरलेलं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो, पण जरा वळसा घेऊन. ताबारबाई कॉफी द्यायला बोलावते तेव्हा अंत्वान घाबरून तिला काय म्हणतो आठवा.

मोगरा२१
"होय, सर!!" 😂 आणि तिथून जो धूम पळतो! शाळेत बाईंना चुकून "आई" म्हटल्यावर जे होतं तेच. सगळा वर्ग हसतो आणि जमीन दुभंगावी असं वाटतं. मी चौथीत म्हटलं होतं, अजून अंगावर काटा येतो.

जुना_डेक्कन
अगदी तेच मोगराताई. आणि त्यावर ती बाई त्याला गोष्ट लिहून पाठवते ती किती सुंदर आहे. एक गृहस्थ चुकून न्हाणीघराचं दार उघडतो, आत बाई विवस्त्र. "माफ करा, बाईसाहेब" म्हणून दार लावून घेतलं तर ती सभ्यता. "माफ करा, साहेब" म्हटलं तर ते तारतम्य. म्हणजे पोराच्या फजितीचं तिनं एका वाक्यात सौजन्य करून टाकलं. देल्फीन सेरिगनं ही भूमिका केली नसती तर हा सिनेमा निम्मा झाला असता असं माझं ठाम मत आहे.

घाटमाथा
सेरिगबद्दल +१. पण मला एक कळत नाही, याला विनोदी सिनेमा का म्हणतात? म्हातारा गुप्तहेर आँरी फोनवर बोलता बोलता कोसळून मरतो. एक गिऱ्हाईक आपल्या हरवलेल्या जादूगार मित्राचा शोध घ्यायला सांगतं, तो लग्न करून मोकळा झालाय हे कळल्यावर ऑफिसात आकांत करतं. हे सगळं हसण्यासारखं आहे?

मोगरा२१
घाटमाथा, म्हणूनच तर आवडतो. घरातल्या दिवसकार्यालाही कुणीतरी हसतंच की. तो आकांत करणारा माणूस माझ्या मते सिनेमातला सगळ्यात खरा प्रेमिक आहे. त्याला "मित्र" म्हणण्यापलीकडे त्या काळी सोय नव्हती. त्याच्यावर कुणी हसत नाही, सिनेमाही हसत नाही.

अबोली
इथे सगळे गोड बोलताहेत म्हणून लिहिते. मला हा सिनेमा पाहताना त्रास झाला.

तळघरात वाइन आणायला गेल्यावर अंत्वान क्रिस्तीनचं जबरदस्तीनं चुंबन घेतो, ती त्याला ढकलते. तो कोटवाला माणूस सिनेमाभर तिचा पाठलाग करतो. अंत्वान तर धंदा म्हणूनच बायकांच्या मागे फिरतो. या सगळ्याला हलकंफुलकं संगीत आणि 'चोरलेली चुंबनं' असं लाडिक नाव. कॉलेजात माझ्यामागे एक मुलगा दोन वर्षं असाच फिरायचा. बसस्टॉप बदलला, क्लासची वेळ बदलली. सगळे म्हणायचे, "किती प्रेम आहे बघ त्याचं." मला विचारा ते काय असतं. चांदणवेल, तुझ्या प्रश्नाचं उत्तर : हो, तो वेडा आहे, आणि क्रिस्तीनला त्याची भीती वाटायला हवी होती.

चांदणवेल
अबोली, हे लिहिलंस ते बरं केलंस. तळघराचा प्रसंग मलाही खटकला होता, पण शेवटाच्या नादात मी तो विसरले. विसरायला नको होता.

जुना_डेक्कन
अबोलीताई, तुमच्या अनुभवापुढे माझं बोलणं तोकडं आहे. तळघराबद्दल तुमचं बरोबर, तिथे सिनेमा आपल्या काळाचाच आहे. पाठलागाबद्दल मात्र एक सांगू का? या सिनेमात पाठलाग करणारा एकही माणूस जिंकत नाही. अंत्वान इतका वाईट पाठलाग करतो की एक बाई सरळ पोलिसालाच हाक मारते. पत्रं लिहून, दारात उभं राहून त्याला क्रिस्तीन मिळत नाही. तो थांबतो, तेव्हा ती स्वतः टीव्हीतला एक भाग काढून ठेवते आणि दुरुस्तीवाल्याला फोन करते. आणि कोटवाल्या माणसाबद्दल निकाल कोण देतं? तीच. दोन शब्दांत.

अबोली
टीव्हीचं मान्य. ते मला आवडलं होतं. बाकीचं पुन्हा पाहून सांगते.

पॅरिसकर
नमस्कार, नऊ वर्षं पॅरिसात आहे, त्यामुळे या धाग्यावर न लिहिणं शक्य नाही.

सिनेमाची सुरुवात नीट पाहा. शार्ल त्रेनेचं जुनं गाणं लागतं, 'आपल्या प्रेमाचं काय उरलं' अशा अर्थाचं, सिनेमाचं नाव त्याच गाण्यातल्या शब्दांवरून घेतलंय. आणि पडद्यावर काय दिसतं? ना मुलगा, ना मुलगी. एक बंद दार. त्रोकादेरोपाशी शायो राजवाड्यातल्या सिनेमातेकचं, म्हणजे पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयाचं. सिनेमा आँरी लाँग्ल्वाच्या सिनेमातेकला अर्पण केलेला आहे.

फेब्रुवारी १९६८ मध्ये सरकारनं लाँग्ल्वाला सिनेमातेकच्या प्रमुखपदावरून काढलं, संस्कृतिमंत्री होते आँद्रे मालरो. लाँग्ल्वानं आयुष्यभर जुने सिनेमे गोळा करून वाचवले होते, आणि त्रुफो, गोदार ही सगळी पोरं त्याच अंधाऱ्या खोलीत बसून सिनेमा शिकली होती. दिग्दर्शक रस्त्यावर आले, पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. नेमकं तेव्हाच 'बेझे व्होले'चं चित्रीकरण चालू होतं, म्हणजे त्रुफो सेटवरून मोर्चात आणि मोर्चातून सेटवर. एप्रिलमध्ये लाँग्ल्वाला परत घ्यावं लागलं. मे महिन्यात त्रुफो-गोदार कान शहरातल्या चित्रपट महोत्सवाला गेले आणि तो महोत्सवच बंद पाडला. एवढा धुरळा उडत असताना या माणसानं इतका हलका सिनेमा केला याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

सिनेमातेक २००५ पासून बेर्सीला नव्या इमारतीत आहे. मी तरी वर्षातून एकदा त्रोकादेरोला जाऊन ते जुनं दार बघून येतो.

घाटमाथा
हे माहीत नव्हतं. मग पहिल्या दृश्यातलं ते बंद दार आणि 'काय उरलं' हे गाणं एकत्र वाजतं तेव्हा ते सिनेमाच्या प्रेमाबद्दलही आहे.

जुना_डेक्कन
घाटमाथा, छान पकडलंत. लाँग्ल्वांचं नाव निघालं की मला पी. के. नायर आठवतात. पुण्याचं राष्ट्रीय फिल्म संग्रहालय १९६४ साली सुरू झालं आणि नायर साहेबांनी देशभर फिरून फिल्मचे डबे गोळा केले. फाळक्यांचं जे काही आज आपण पाहू शकतो ते त्यांच्यासारख्या माणसांमुळे. आमच्या पिढीला जगाचा सिनेमा दिसला तो याच लॉ कॉलेज रस्त्यावर. अशा माणसासाठी मोर्चा काढावासा वाटणं मी समजू शकतो.

खोपोलीकर
धाग्याचा विषय थोडा सोडून लिहितो, राग नसावा. त्रुफो आमच्याकडे येऊन गेलाय!

स्पीलबर्गच्या 'क्लोज एन्काउंटर्स'मध्ये तो फ्रेंच शास्त्रज्ञ लाकोंब झालाय. त्यात भारतातलं दृश्य आहे, हजारो माणसं पाच सूर आळवताहेत, आवाज कुठून आला विचारल्यावर सगळ्यांची बोटं एकदम आभाळाकडे जातात. ते चित्रीकरण १९७७ मध्ये खालापूरजवळच्या हाळ गावात झालं. गर्दी सगळी आसपासच्या लोकांची. तिथून जाताना मी दर वेळी बरोबरच्यांना ती जागा दाखवतो आणि दर वेळी त्यांना वाटतं मी थापा मारतोय.

रस्सावाटी
खोपोलीकर, काय सांगता!! म्हणजे अंत्वान द्वानेलचा बाप एक्सप्रेस-वेच्या बाजूला वडापाव खाऊन गेला असेल?

खोपोलीकर
वडापावाचं माहीत नाही, पण आला होता हे नक्की. 🙂

मोगरा२१
मंडळी, गाडी पॅरिसला परत न्या. मला त्या पत्राच्या नळीबद्दल सांगा ना कुणीतरी. अंत्वान ताबारबाईला पत्र टाकतो आणि कॅमेरा जमिनीखालच्या नळ्यांतून पळत सुटतो, रस्त्यांच्या नावांच्या पाट्या दिसत जातात. ते खरं होतं?

पॅरिसकर
पूर्ण खरं. त्याला 'प्न्यूमातिक' म्हणायचे. पत्र डबीत घालून नळीत टाकायचं, दाबलेली हवा ते ढकलत नेई. पॅरिसच्या पोटात अशा नळ्यांचं ४०० किलोमीटरांहून मोठं जाळं होतं, बरंचसं गटारांच्या बोगद्यांतून गेलेलं. एक-दोन तासांत पत्र शहराच्या दुसऱ्या टोकाला घरपोच. १९८४ मध्ये सेवा बंद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्रुफोही गेला, अवघा ५२ वर्षांचा. मोंमार्त्रच्या दफनभूमीत काळ्या दगडाखाली आहे.

मला ते दृश्य फार आवडतं कारण उतावळ्या माणसासाठीच ती टपाल व्यवस्था बनवलेली होती. साधं पत्र टाकलं असतं तर रात्रभरात अंत्वानला शहाणपण सुचलं असतं.

घाटमाथा
आणि त्या पत्राचा मजकूर! बाल्झाकच्या 'दरीतल्या लिली'चा दाखला देऊन लिहितो की आपलं प्रेम त्या कादंबरीतल्यासारखंच अशक्य आहे. लष्करी तुरुंगात पहिल्याच दृश्यात तो तीच कादंबरी वाचत असतो. पुस्तकातून प्रेम शिकलेला मुलगा आहे तो.

जुना_डेक्कन
इथेच मी मगाशी वळसा घेऊन येणार होतो. पत्र मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ताबारबाई स्वतः त्याच्या खोलीवर येते. दुकानातल्या तिच्या वर्णनात त्यानं असं म्हटलेलं असतं की ती बाई नव्हेच, साक्षात दर्शन. (एजन्सीला द्यायच्या अहवालाचं प्रेमपत्र होतं तो प्रसंग. हसून हसून पुरेवाट.) ती शांतपणे सांगते, मी दर्शन वगैरे नाही, मी बाई आहे, आणि ही अगदी उलट गोष्ट आहे. तुम्ही मला असामान्य म्हणता, खरंच आहे, प्रत्येकच माणूस असामान्य असतं, तुमच्या बोटांचे ठसे दुसऱ्या कुणाचे नाहीत. आणि हेही सांगते, की कादंबरीतली ती बाई शेवटी मरते. मग एक करार : काही तास एकत्र, नंतर कधीच भेटायचं नाही.

पूजा करणाऱ्या पोराला तिनं देव्हाऱ्यासमोरून उठवलं. त्याच्या आदल्याच भागात तो आरशासमोर उभा राहून नावांचा जप करत होता, फाब्येन ताबार, फाब्येन ताबार, मग क्रिस्तीन दारबाँ, मग अंत्वान द्वानेल, अंत्वान द्वानेल, दम लागेपर्यंत. नामस्मरणानं देव भेटेल, बाई भेटत नाही. ताई, माझं उत्तर असं : कोटवाला माणूस अजून आरशासमोरच उभा आहे. अंत्वानला तिथून कुणीतरी हात धरून हलवलं.

तात्या_डोंबिवली
पण पुढे काय होतं हे कुणी बोलतच नाहीये. १९७० च्या पुढच्या सिनेमात दोघांचं लग्न झालेलं असतं, मूल होतं, आणि पठ्ठ्या एका जपानी मुलीच्या नादी लागतो. १९७९ च्या शेवटच्या भागात घटस्फोट. मग कोटवाला बरोबरच म्हणत होता की, तात्पुरती माणसं!

मोगरा२१
तात्या!!! स्पॉयलर!! चांदणवेलनं पुढचे भाग पाहिले नसतील तर?

तात्या_डोंबिवली
अरेरे, क्षमस्व चांदणवेल. सिनेमा ५० वर्षांहून जुना म्हणून भान राहिलं नाही.

अबोली
तात्या, घटस्फोट झाला म्हणून आधीचं प्रेम खोटं ठरत नाही. माझ्या मावशीचा संसार अकरा वर्षांनी मोडला. पहिल्या वर्षाचे फोटो तिनं अजून ठेवलेत, आणि ती त्यांच्याकडे बघून हसते, रडत नाही.

पुन्हा पाहिला मी काल. तळघर अजूनही खटकतं. पण दोन गोष्टी पहिल्यांदा निसटल्या होत्या. एक, क्रिस्तीनचा चेहरा. सिनेमाभर ती अंत्वानपेक्षा चार पावलं पुढे असते, त्याला ते कळतही नाही. दुसरी, रस्त्यात कोलेत भेटते ती. अंत्वानची जुनी मैत्रीण, आता नवरा आणि कडेवर बाळ. मिनिटभराचा प्रसंग. जिच्यासाठी एके काळी जीव टाकला ती समोर उभी, आणि बोलायला काही नाही. क्रिस्तीनचा पाठलाग करणाऱ्यालाही एक दिवस असंच होईल. माझ्या बसस्टॉपवाल्यालाही झालं असेल.

पॅरिसकर
अबोली, कोलेतचा प्रसंग मुद्दाम ठेवलेला आहे. १९६२ च्या छोट्या सिनेमात अंत्वान तिच्या घरासमोर राहायलाच गेला होता. आणि त्याआधी १९५९ मध्ये अंत्वानच्या पहिल्या सिनेमात हाच लेओ चौदा वर्षांचा पोरगा म्हणून समुद्राकडे पळत गेला होता. एकाच नटाला एकाच भूमिकेत वीस वर्षं वाढताना पाहणं हे फार दुर्मीळ आहे. लष्करातून पळणं आणि तुरुंग हेही त्रुफोच्या स्वतःच्या आयुष्यातलं.

चांदणवेल
तात्या, काळजी नको, नवऱ्यानं कालच सगळं विकिपीडियावर वाचून मला सांगून टाकलं होतं.

तुम्हा सगळ्यांचं वाचून मी शेवटची पंधरा मिनिटं काल तीनदा पाहिली. आता मला जे दिसलं ते लिहिते.

टीव्हीचे सुटे भाग जमिनीवर पडलेत, कॅमेरा त्यांच्यावरून सरकत जिना चढतो, दोघं झोपलेत. मग सकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर न्याहारी. अंत्वान कागदावर काहीतरी लिहून तिच्याकडे सरकवतो. ती वाचते, लिहिते, परत सरकवते. असं चार-पाच वेळा. कुणीही एक शब्द बोलत नाही, आणि आपल्याला एकही चिठ्ठी वाचायला मिळत नाही. मग तो हाताला लागलेलं बाटली उघडायचं ओपनर तिच्या बोटात सरकवतो, अंगठी म्हणून. तेवढंच.

आणि पुढच्याच प्रसंगात तो माणूस येऊन प्रेमाबद्दल जे जे म्हणून बोलता येईल ते सगळं बोलून जातो. मोठ्यानं, अस्खलित, तिच्या होकाराला जागाच न ठेवता. तिला काही विचारत नाही तो. चिठ्ठी सरकवली की उत्तराची वाट पाहावी लागते, तो वाट पाहत नाही. मला वेडेपणा इथे वाटतो, "कायमचा" या शब्दात नाही.

आणखी एक. "हो, असणार" म्हणताना अंत्वानचा चेहरा पाहा. तो हसत नाही. त्यानं लष्करातून क्रिस्तीनला पाठवलेली पत्रं आपण वाचली नाहीत, पण तिच्या बोलण्यावरून ती कशी असतील ते कळतं. त्याला स्वतःचाच जुना आवाज ऐकू आला असणार.

जुना_डेक्कन
चिठ्ठ्यांकडे मी इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. रविवारी पुन्हा लावतो. बायकोला बरोबर बसवतो, ती दर वेळी निम्म्यात उठते.

रस्सावाटी
त्या न्याहारीच्या टेबलावरची एक गोष्ट तुम्ही सगळे विसरलात! टोस्टला लोणी लावताना टोस्ट मोडतो, तर तो मोडू नये म्हणून त्याच्याखाली दुसरा टोस्ट धरायचा. मी आज सकाळी करून पाहिलं. बेकरीतला कडक टोस्ट, फ्रिजमधून काढलेलं घट्ट अमूल बटर. एकट्या टोस्टचे तीन तुकडे झाले. खाली दुसरा ठेवला, एकदाही मोडला नाही.

मोगरा२१
थांबा, मीही करून बघते. घरात खारी आहे, चालेल का?

रस्सावाटी
खारी नाही चालणार. टोस्टच हवा.